पेटीतलं सोनं आणि कागदावरचं सोनं



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत म्हातारपणाचा विषय निघाला. एकीनं विचारलं, "साठीनंतर हाताशी काहीतरी असावं म्हणून थोडं थोडं सोनं घ्यायचं मनात आहे. पण डाग करू, की ते कागदावरचं सोनं म्हणतात ते घेऊ?" झालं, चहा गार झाला तरी बोलणं संपेना. निम्म्या जणी म्हणाल्या, सोनं म्हणजे ते हातात दिसलं पाहिजे, कागद काय चाटायचाय? बाकीच्या म्हणाल्या, घरात ठेवून चोराची भीती आणि घरच्यांचीही.

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. हात वर करायला सांगितले. थोडंफार सोनं कुणाकडे आहे? सोळाच्या सोळा हात वर. दुकानाची पावती स्वतःच्या नावावर कुणाची आहे? दोन हात वर. आणि गेल्या दहा वर्षांत घरातलं सोनं गहाण पडलं किंवा मोडलं, तेव्हा ते आपण स्वतः ठरवलं होतं, असं कोण म्हणेल? यावर सगळ्या गप्प बसल्या.

म्हणून या वेळी आम्ही जुना इतिहास शोधला. बाईचं सोनं पेटीत कसं आलं, पेटीतून कसं गेलं आणि कागदावर कधी चढलं, ते आज सांगतो.

पूर्वी दागिना आणि पैसा यांत फारसा फरकच नव्हता. पुतळ्यांची माळ तुम्ही पाहिली असेल. इटलीतल्या व्हेनिस शहराची सोन्याची नाणी समुद्रावरच्या व्यापारातून आपल्याकडे येत. त्यांवर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना पुतळी म्हटलं आणि बायकांनी ती ओवून गळ्यात घातली. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला, तेही नाणंच. अडचण आली की माळेतलं एक नाणं काढायचं आणि बाकीची माळ तशीच ठेवायची. घडणावळ नाही, घट नाही. वजन गुंजांवर व्हायचं: आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजचा सोनाराकडचा तोळा १० ग्रॅमचा आहे. आजीच्या चिठ्ठीवर "पाच तोळे" लिहिलं असेल तर हा फरक ध्यानात ठेवा.

बाईनं सोन्यातच का साठवलं, यालाही कारण आहे. जमीन तिच्या नावावर नव्हती, घर नव्हतं, बैलजोडी नव्हती. तिच्या मालकीचं म्हणता येईल असं एकच होतं, ते स्त्रीधन. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वर नावाच्या पंडितानं 'मिताक्षरा' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं स्त्रीधनाचा अर्थ बराच मोठा केला होता. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून असलेलं. पण ग्रंथातलं ग्रंथात राहिलं. कायद्यानं बाईला मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली ती १९५६ साली, हिंदू वारसा कायद्यानं. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, स्त्रीधन हे बाईचंच. नवऱ्याकडे किंवा सासरच्यांकडे ते ठेवायला दिलं असेल, तर ते फक्त सांभाळणारे आहेत, मालक नाहीत.

स्वतःच्या मर्जीनं सोनं मोडणं कसं असतं, याचं उदाहरण आपल्या साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. तो त्यांचा निर्णय होता. आपल्या बहुतेकींच्या घरात सोनं असं जात नाही.

सोनं कसं जातं, ते बघायला १९३१ सालात जाऊ. जगभर मंदी होती. शेतमालाचे भाव कोसळले होते. सारा मात्र तेवढाच भरायचा होता, सावकाराचं व्याजही तेवढंच होतं. त्या काळी कायद्यानं सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरलेला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं आपल्या चलनाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. रुपया इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता, त्यामुळे इकडे सोन्याचा भाव चढला. गावोगावच्या शेतकऱ्यांनी घरातलं सोनं बाहेर काढलं आणि विकलं. ते मुंबई बंदरातून बोटीनं परदेशी गेलं. लोक त्या सोन्याला संकटातलं सोनं म्हणत. सरकारनं ही निर्यात थांबवावी अशी मागणी झाली, पण ती थांबली नाही. पुढे दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तोळ्याचा भाव साठ रुपयांच्या पुढे गेला. ज्यांनी थांबून धरलं त्यांना फायदा झाला. पण ज्यांच्या घरात सारा भरायला दुसरं काहीच नव्हतं, त्यांना थांबता आलं नाही.

आमच्या भागात हेच १९७२ च्या दुष्काळात झालं. खडी फोडायला गेलेल्या आमच्या सासवा आजही सांगतात. आधी भांडी गेली, मग जनावरं, शेवटी डोरल्यातले मणी. तेव्हा दहा ग्रॅमचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास होता. सगळं गाव एकदमच विकायला निघालं की घेणारा भाव पाडतो, हेही त्या सांगतात.

आता कागदाची गोष्ट. कागदावरचं सोनं ही काल-परवाची नवलाई आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ते साठ वर्षांहून जुनं आहे.

१९६२ साली चीनशी युद्ध झालं. देशाला परकीय चलन हवं होतं. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दान दिले. त्याच वर्षी सरकारनं सुवर्णरोखे काढले. सोनं सरकारला द्यायचं, बदल्यात कागद घ्यायचा, वर्षाला साडेसहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षांनी परतफेड. ऐकायला बरं वाटतं ना? पण सरकारनं सोन्याचा भाव धरला १० ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे. तो आंतरराष्ट्रीय ठरलेला भाव होता, आपल्या बाजारात तेव्हा त्याच्या दुपटीहून जास्त भाव होता. आणि परत मिळणार होते ते रुपये, सोनं नव्हे. १९७७ साली मुदत संपली तेव्हा १० ग्रॅम सोनं चारशे रुपयांच्या वर गेलेलं होतं. ज्यानं दहा ग्रॅम दिलं, त्याला मुद्दल त्रेपन्न रुपये आणि पंधरा वर्षांचं मिळून साधारण बावन्न रुपये व्याज. म्हणजे पाव भागच राहिला म्हणा.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झालं, तेव्हा पुन्हा सुवर्णरोखे निघाले. या वेळी अट वेगळी होती. जेवढं सोनं द्याल तेवढंच सोनं १९८० साली परत. व्याज नाममात्र, दहा ग्रॅमला वर्षाला दोन रुपये. पण १९८० साली लोकांना सोनं परत मिळालं आणि तोवर दहा ग्रॅमचा भाव हजार रुपयांच्या पुढे गेला होता.

दोन्ही कागद सरकारचेच. दोन्ही पंधरा वर्षांचे. एकानं माणूस खाली बसला, दुसऱ्यानं तरला. फरक कशात होता? कागदावर परत काय मिळणार असं लिहिलं होतं, त्यात. एकावर रुपये लिहिले होते, दुसऱ्यावर ग्रॅम. कुठलाही सोन्याचा कागद समोर आला, तर आधी हेच वाचायचं किंवा वाचून घ्यायचं.

मधल्या काळात हातातल्या सोन्यावरही सरकारनं हात ठेवला होता. जानेवारी १९६३ मध्ये नियम आला की नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं आणि दहा भाग दुसरा धातू. लोकांनी दागिने करणं थांबवलं आणि कित्येक सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १९६६ साली ती अट गेली. मग १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. त्यानं सामान्य माणसाला सोन्याची लगड किंवा नाणं घरी ठेवायला बंदी केली. दागिने चालत. हा कायदा १९९० पर्यंत होता. आम्हाला वाटतं, बचत म्हणजे दागिनाच ही आपल्या आयांची समजूत या बावीस वर्षांत आणखी घट्ट झाली. चोख सोनं ठेवायला परवानगीच नव्हती, मग घडणावळ सोसून डागच करावा लागला. तो कायदा जाऊन इतकी वर्षं झाली, पण सवय राहिली.

कायदा उठला आणि पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, देशावरच पाळी आली. परकीय चलन संपत आलं होतं. रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ ४७ टन सोनं विमानानं परदेशी पाठवून गहाण ठेवलं आणि कर्ज उचललं. नंतर ते सोडवलं. घरातली बाई पाटल्या गहाण ठेवते तसंच देशानंही केलं. सोनं अडचणीला येतं, हे खोटं नाही.

पण सोनं परदेशातून आणावं लागतं आणि त्यापायी परकीय चलन जातं. म्हणून लोकांनी धातू घेण्यापेक्षा कागद घ्यावा, असा प्रयत्न पुन्हा सुरू झाला. २००७ साली शेअर बाजारात सोन्याचे ईटीएफ आले. त्यात आपल्या पैशाचं सोनं फंड घेतो आणि आपल्या नावावर युनिट जमा होतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सार्वभौम सुवर्णरोखे आले, बँकेत आणि पोस्टात मिळणारे. मुदत आठ वर्षं, पाच वर्षांनंतर बाहेर पडायची सोय. परतफेड रुपयांत, पण त्या दिवशीच्या सोन्याच्या भावानं. म्हणजे १९६५ सारखा ग्रॅमचा हिशेब, आणि वर व्याज.

आमच्या गटातल्या एका अंगणवाडी सेविकेनं पहिल्याच वेळी दोन ग्रॅम घेतले होते. तेव्हा कमीत कमी दोन ग्रॅम घ्यावे लागत. भाव होता ग्रॅमला २,६८४ रुपये, म्हणजे ५,३६८ रुपये गेले. दर सहा महिन्यांनी ७४ रुपयांच्या आसपास व्याज. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुदत संपली तेव्हा ग्रॅमला ६,१३२ प्रमाणे १२,२६४ रुपये खात्यात आले. गंमत अशी की, हे तिला दोन महिन्यांनी कळलं. खात्याला मोबाइल नंबर मुलाचा होता, मेसेज मुलाला येत होते. मुलगा भला म्हणून पैसे राहिले.

सोन्याचा भाव चढत गेला तशी ही परतफेड सरकारला महाग पडू लागली. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे सुवर्णरोखे निघालेले नाहीत. जुने ज्यांच्याकडे आहेत त्यांना मुदतीला पैसे मिळतात, ते प्रमाणपत्र जपून ठेवा. पण सरकारी कागद सरकारच्या गरजेनं निघतो आणि सरकारच्या सोयीनं थांबतो, हे १९६२ पासून चालत आलेलं आहे. त्याच्या भरवशावर म्हातारपणाचा सगळा बेत आखता येत नाही.

एक तिसरा कागद आहे, तो आपल्या जास्त ओळखीचा. सोनाराच्या दुकानातली भिशी. महिन्याला हजार-दोन हजार भरायचे, कार्डावर शिक्का, वर्षाअखेर दागिना. आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात आमच्यातल्या चौघींनी असे पैसे भरले होते. एक दिवस दुकानाला कुलूप लागलं. कार्डं अजून त्यांच्या ट्रंकेत आहेत. मोबाइलवर दहा-वीस रुपयांचं डिजिटल सोनं विकतात, त्याबद्दल नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनं सावध केलंय, की हे आपल्या देखरेखीखाली येत नाही. सेबी म्हणजे शेअर बाजारावर आणि म्युच्युअल फंडांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. ईटीएफ आणि म्युच्युअल फंडाचे सुवर्ण फंड तिच्या देखरेखीत येतात. तेव्हा कागद म्हटला की पुढचा प्रश्न, कागद कुणाचा?

आता हातातल्या सोन्याचा हिशेब करू. सोपं जावं म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला दहा हजार धरू. दहा ग्रॅमचा दागिना, सोन्याचे एक लाख. घडणावळ बारा टक्के धरली तर बारा हजार. त्यावर तीन टक्के जीएसटी, ३,३६० रुपये. हातात दागिना आला १,१५,३६० रुपयांना. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला नेला तर फार तर लाख मिळतील, घट धरली तर त्याहून कमी. म्हणजे भाव पंधरा टक्क्यांनी चढेपर्यंत आपण तोट्यातच. खडे असतील, मणी लाखेनं भरलेले असतील, तर आणखी वजा. लेकीच्या लग्नात घालायचा डाग असेल तर ही हौसेची किंमत आहे, ती हसत द्यावी. पण म्हातारपणासाठी ठेवायचं सोनं असेल तर नक्षी कशाला? साधं वेढणं किंवा नाणं घ्यावं, त्याची घडणावळ थोडी असते.

आणि हॉलमार्क बघून घ्यावं. जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचं होऊ लागलं. एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांचा-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरेटवर ९१६ असा आकडा असतो. 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की खरं-खोटं कळतं. गटातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती दोन मिनिटांत बघून देईल.

सोनं चढतंच, असंही समजू नका. सरकारी रोख्यांचा ऑगस्ट २०२० मधला भाव ग्रॅमला ५,३३४ होता, मार्च २०२१ मध्ये ४,६६२. सात महिन्यांत ग्रॅममागे पावणेसातशे रुपये उतरले. त्या मार्चमध्ये जिला विकायची वेळ आली असेल तिला विचारा. म्हणून सगळी बचत सोन्यात नको. महिन्याला ठरलेली रक्कम देणारं काहीतरी हवंच. ज्यांचं वय अठरा ते चाळीस आहे त्यांनी अटल पेन्शनची चौकशी करावी. सोनं हे त्याच्या जोडीला.

शेवटी आमच्या आक्कांचं सांगतो. आक्का सत्तरीच्या आहेत. चार तोळ्यांच्या पाटल्या त्यांच्या माहेरच्या. मुलानं बोअर मारायला त्या गहाण ठेवल्या. पाचशे फुटांवर धूळच निघाली. कर्ज फिटलं नाही, पाटल्या लिलावात गेल्या. कर्जाच्या कागदावर सही मुलाची होती, नोटीस मुलाच्या नावानं आली होती. आक्का म्हणाल्या, "पाटल्या माझ्या हातात होत्या तोवर माझ्या होत्या. काढून दिल्या तेव्हा कुणी माझं नाव लिहिलं नाही." आता आक्कांना डोळ्याचं ऑपरेशन करायचंय आणि त्या सुनेचा चेहरा बघतायत. मुलगा वाईट नाही. पोटच्या पोराला नाही म्हणणं आईला जमलं नाही, एवढंच.

त्या दिवशी आमचं बोलणं इथं येऊन थांबलं. डाग की कागद, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. ज्या घरात मागितल्याबरोबर डाग काढून द्यावा लागतो, तिथं कागदावरचं सोनं बरं, कारण ते हातात दिसत नाही आणि आपल्या सहीशिवाय मोडत नाही. जिला बँक लांब आहे, लिहिता-वाचता येत नाही आणि कागद दुसऱ्याच्या हाती राहणार आहे, तिला साधं वेढणं बरं. आमच्यातल्या सहा जणींनी पॅन कार्ड काढून म्युच्युअल फंडाच्या सुवर्ण फंडात महिन्याला पाचशे रुपये टाकायला सुरुवात केली आहे. त्याला डिमॅट खातं लागत नाही. मोबाइल नंबर ज्याचा त्यानं, म्हणजे जिचा तिनं दिला आहे. बाकीच्या दिवाळीला वेढणं घेणार आहेत, पण पावती स्वतःच्या नावानं.

घेताना आम्ही चार गोष्टी विचारायच्या ठरवल्या आहेत. नाव कुणाचं? परत काय मिळणार, ग्रॅमचा भाव की ठरलेले रुपये? कागद असेल तर तो कुणाचा, आणि त्याच्यावर देखरेख कुणाची? आणि मोडायच्या दिवशी किती घट, किती दिवस, सही कुणाची?

पुढच्या बैठकीला तुम्हीही एक करा. प्रत्येकीनं घरातल्या डागांची यादी आणा. डाग कुठला, वजन किती, माहेरचा की सासरचा, पावती कुणाच्या नावावर, वारस कोण. लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहून घ्या. एक प्रत गटाच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा. आमच्याकडे पंधरा पाकिटं झाली आहेत. सोळावं आक्कांचं. त्यांनी यादीत पाटल्याही लिहायला लावल्या आणि पुढे तारीख घालून लिहिलं, "लिलावात गेल्या." आम्ही विचारलं, आता नाहीत तर कशाला लिहिता? त्या म्हणाल्या, "होत्या, एवढं तरी कुठं असू दे."

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.